बाराच्या बारा चूक

९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फोनवर तू ‘बरं, ठेव आता’च्या पुढे जात नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. शिवाय हा विषय तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या कानतपासणी केंद्राच्या समोर, चाव्या करून देणाऱ्याच्या शेजारी, एक गोडाचं दुकान आहे. तिथं सगळं आंब्याचं मिळतं. पुडिंग, केक, आइस्क्रीम, जेली, बिस्किटं, जे मागाल ते आंब्याचंच. दोन वर्षं मी त्याच्या समोर काम करते आणि कधी आत पाऊल टाकलं नव्हतं. तुझ्याकडे सुट्टीत इतका आंब्याचा जॅम खाल्लाय की जन्माची हौस फिटली. पण काल आमची वीज गेली, दोन तास काम नव्हतं, म्हणून गेले.

आत तीन टेबलं, काचेचं कपाट आणि साठीच्या एक मालकीणबाई. केस आखूड, चष्मा कपाळावर. मी पुडिंग मागितलं. त्यांनी आधी एक छोटी बशी पुढे ठेवली. बशीत दोन पिवळे चौकोनी तुकडे, अगदी सारखे. एकात निळी काडी खोचलेली, एकात पांढरी.

म्हणाल्या, “यातल्या एकात आंबा आहे. दुसऱ्यात नावालाही नाही. सांगा कुठला खरा, मग पुडिंग.”

मी तीनदा चघळून, पाणी पिऊन, शेवटी बरोबर सांगितलं. खोटा तुकडा भोपळा, सुकवलेलं जर्दाळू आणि संत्र्याची साल यांचा होता. तिथं प्रत्येक गिऱ्हाइकाला ही बशी मिळते. शेजारच्या टेबलावर एक पोस्टमन होता. तो म्हणाला, “मी चार वर्षं दर बुधवारी येतो आणि दर दोन बुधवारांतून एकदा चुकतो.” मी बाईंना विचारलं, हा खटाटोप कशासाठी? तर म्हणाल्या, “ज्या दिवशी लोकांना फरक कळेनासा होईल, त्या दिवशी आंबा आणायचा थांबवीन. भोपळा घरपोच मिळतो.”

मला हे फार आवडलं, कारण आमच्याकडेही असंच करतात. माणसाला बंद खोलीत बसवायचं, आवाज आला की बटण दाबायला सांगायचं, आणि मधूनच आवाज सोडायचाच नाही. तरी लोक आत्मविश्वासानं बटण दाबतात!

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “हे आपल्या चाखनवीसांना कळव.” म्हणून कळवलं. चौतीस वर्षं जॅमच्या कारखान्यात कढईकढईतून चमचा फिरवलेल्या माणसाला ती बशी किती सेकंदांत सुटेल?

तुझी भाची

•

१६ फेब्रुवारी

कानसेनबाईंना चाखनवीसांचे आशीर्वाद.

किती सेकंदांत म्हणजे काय? तुकडा तोंडात जायच्या आत. भोपळा कितीही नटला तरी जिभेच्या मागच्या कडेला मातकट लागतोच. आमच्या कारखान्यात एकदा एका व्यापाऱ्यानं पंधरा पिंपं रस पाठवला होता. मी पहिल्या पिंपाचं झाकण उघडलं आणि लगेच बंद केलं. ‘परत पाठवा’, एवढंच म्हणालो. साहेबानं तपासणीला पाठवला तर निम्मी पपई! तेव्हापासून साहेब माझ्या आधी चहासुद्धा पीत नसे.

ते दिवस गेले. निवृत्त माणसाचं मत म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर, भिंतीवर असतं पण बघत कुणी नाही. सकाळी साडेसातला मी आजही तयार होऊन बसतो आणि मग आठवतं की कुठं जायचं नाहीये. त्यामुळे तुझं पत्र दोनदा वाचलं. खरं तर चारदा.

हिवाळ्यातला ताप गेला. सर्दी जरा रेंगाळलीय, बाकी ठणठणीत. मामीही मजेत. तिला काहीही विचारा, ‘छान आहे’ म्हणते. तिच्यासारखी बायको असली की कारखान्याला चाखणारा ठेवायलाच नको.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्या आंबा कुठला वापरतात, गोठवलेला की डब्यातला, साखर केव्हा घालतात, हे सगळं विचारून कळव.

तुझा मामा

•

२७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

विचारलं. गोठवलेला वापरतात, साखर शेवटी घालतात. पण खरी बातमी पुढेच आहे, बसून वाच.

मी पपईची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. मालकीणबाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि मला नीट बघितलं. त्यांचं म्हणणं असं की, चौदा वर्षं स्वतःचंच खाऊन त्यांची जीभ बोथट झालीय. मे ते जुलै ताजा आंबा पेट्यांनी येतो. रोज सकाळी दुकान उघडायच्या आत पेटी न् पेटी चाखून, कुठली पुडिंगला, कुठली जेलीला आणि कुठली परत, हे सांगणारं माणूस त्यांना हवंय. तीन महिने. दुकानावर एक खोली आहे, खिडकी रस्त्याकडे.

मी म्हटलं, “माझा मामा!” तर म्हणाल्या, “बढाया सगळेच मारतात.” म्हणून परीक्षा. सोबतच्या डब्यात सहा पुड्या आहेत. प्रत्येक पुडीत दोन तुकडे, एकाला निळा दोरा, एकाला पांढरा. एक खरा, एक खोटा. तू फक्त खऱ्याचा रंग लिहून पाठवायचा. हात दाखवून अवलक्षण नको, असं वाटत असेल तर आत्ताच सांग, पण तुला असं वाटणार नाही हे मला माहीत आहे.

तुझी भाची

•

६ मार्च

चि. कानसेनबाई,

पहिली पुडी निळा. दुसरी निळा. तिसरी पांढरा. चौथी निळा. पाचवी पांढरा. सहावी पांढरा. पाच मिनिटांत संपलं.

आता खरं सांगतो, कुणाला बोलू नकोस. मला ही जागा हवी आहे. पैशासाठी नाही, तेवढं आमचं भागतं. मला सकाळी उठून कुठंतरी पोचायचं आहे. कुणीतरी माझ्यापुढे चमचा धरावा आणि मी मान हलवेपर्यंत थांबावं, एवढीच इच्छा आहे. दोन वर्षांत मला कुणी काहीही विचारलेलं नाही. परवा भाजीवाल्यानं सुटे आहेत का विचारलं, तर केवढा आनंद झाला!

मामीला अजून सांगितलेलं नाही. नक्की झालं की सांगीन.

तुझा मामा

•

१४ मार्च

प्रिय मामा,

कसं लिहू कळत नाही. सहाच्या सहा चूक.

मालकीणबाईंनी स्वतःच म्हटलं की बांधताना दोऱ्यांची अदलाबदल झाली असणार. त्यांच्याकडे जपून ठेवलेले जोडीदार तुकडे होते, ते आम्ही दोघींनी आणि पोस्टमननं चाखले. दोरे बरोबर होते.

त्या म्हणाल्या, प्रवासात वास उडाला असेल. म्हणून आणखी सहा पुड्या पाठवल्यात, या वेळी मेणकागदात. या मी माझ्या हातानं बांधल्या आहेत. मामा, तुझी सर्दी गेली का? नसेल तर थांबू, काही घाई नाही.

तुझी भाची

•

२३ मार्च

चि. भाची,

सर्दीचा काही संबंध नाही. दोऱ्याच्या रंगाचा वास लागला होता, कच्चा रंग होता. या वेळी नीट बघितलं. पांढरा, निळा, निळा, पांढरा, निळा, पांढरा. मामीलाही एकेक तुकडा दिला होता, ती ‘छान आहे’ म्हणाली.

बाईंना म्हणावं, चौतीस वर्षांत माझा एक डबा परत आलेला नाही.

मामा

•

२ एप्रिल

प्रिय मामी,

हे पत्र तुझ्या नावानं आणि शिवणवर्गाच्या पत्त्यावर पाठवतेय, म्हणजे आधी तुझ्या हाती पडेल.

मामाला मी आंब्याच्या दुकानातून बारा जोड्या पाठवल्या होत्या. प्रत्येक जोडीत एक तुकडा आंब्याचा, एक भोपळ्याचा. त्यानं खरा ओळखायचा होता. ओळखला तर त्याला इथं तीन महिने काम मिळणार होतं आणि ते त्याला मनापासून हवंय. त्याची बारा उत्तरं आली. बाराच्या बारा चूक.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. आवाज पहिल्यांदा आला की दुसऱ्यांदा, असं विचारलं की ज्याला ऐकू येत नाही तो अंदाजानं बटण दाबतो आणि त्याचं साधारण निम्मं बरोबर येतं. पण काही लोक भरपाईसाठी बहिरे असल्याचं नाटक करायला येतात. ते प्रत्येक वेळी चुकतात. तिथंच त्यांचं पितळ उघडं पडतं, कारण दर वेळी चुकायला आधी दर वेळी बरोबर ऐकावं लागतं.

मामा नाटक करणार नाही, त्याला तर जिंकायचं होतं. म्हणजे तुमच्या घरात कुणाला तरी खरा आंबा कुठला ते बाराही वेळा पक्कं कळलं होतं. आणि ते उत्तर माझ्यापर्यंत येताना उलटं झालं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात हेच आहे. मामी, ती जीभ कुणाची?

दुकानाच्या बाई रागावलेल्या नाहीत. उलट म्हणतात, “बाराच्या बारा चुकणारा माणूस मला बघायचाच आहे.” त्यांनी मामाला ३ मे रोजी बोलावलंय, समोरासमोर. ते पत्र मी त्याला वेगळं टाकलंय. तो सगळ्यांसमोर तोंडघशी पडला तर माझ्यामुळे पडेल. म्हणून काय ते मला आधी सांग.

तुझीच

•

९ एप्रिल

अजून सौ. न झालेल्या माझ्या चि. भाचीला आशीर्वाद.

हे पत्र वाचून फाडून टाक. मी आयुष्यात असं पत्र कुणाला लिहिलेलं नाही.

तुझ्या मामाला डिसेंबरच्या तापापासून वास येत नाही. गोड आणि आंबट एवढंच कळतं, बाकी सगळी भिंत. त्यांनी मला सांगितलेलं नाही. दूध करपून घरभर धूर झाला तेव्हा हे शेजारी बसून पेपर वाचत होते, तेव्हा मला कळलं. मीही त्यांना सांगितलेलं नाही की मला कळलंय. ज्या माणसाचं सगळं नावच जिभेवर उभं आहे, त्याला काय सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेव्हापासून जेवताना हे पहिला घास मला घ्यायला लावतात आणि माझ्याकडे टक लावून बघतात. मग तसं बोलतात. मी जरा डोळे बारीक केले की “आज मीठ पुढे गेलंय.” मी दुसरा घास पटकन घेतला की “वा, जमलंय.” बहुतेक वेळा बरोबर येतं. एवढं त्यांनी लग्नातसुद्धा माझ्याकडे बघितलं नव्हतं.

तुझ्या पुड्या आल्या तेव्हाही तसंच केलं. निळा तुकडा दिला, बघितलं. पांढरा दिला, बघितलं. मला वाटलं तू खाऊ पाठवलायस.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जीभ माझी. आणि मला आंबा आवडत नाही.

कधीच आवडला नाही. लहानपणापासून त्या वासानं घशाशी येतं. लग्न ठरलं तेव्हा हे नुकतेच कारखान्यात लागले होते. पहिल्या भेटीत बरणी घेऊन आले आणि म्हणाले, “मी चाखून पास केलेला पहिला घाणा.” मी काय म्हणणार? छान आहे म्हटलं. मग दर शनिवारी बरणी यायची आणि मी छान आहे म्हणायची. एकदा म्हटलं की बदलता येत नाही. त्यांनी कधी तोंडाकडे बघितलं नाही, शब्द ऐकला की खूश. आणि भोपळा मला मनापासून आवडतो. तेव्हा बारा वेळा काय झालं असेल ते तुझं तूच समज.

तुझं बोलावणं आल्यापासून हे दोन वेळा बूट पॉलिश करून बसलेत. त्यांना ती जागा मिळालीच पाहिजे. माझं तोंड कुठं फसवतं ते आता मला कळलंय. मी बघते काय करायचं ते. तू गप्प बस.

तुझी मामी

•

२० एप्रिल

चि. भाची,

बोलावणं मिळालं. येतो. मामीही येणार म्हणते. मी म्हटलं, तू कशाला दगदग करतेस, तर म्हणाली, “मला दुकान बघायचंय.” मला बरंच वाटलं. ती सोबत असली की मला सोपं जातं.

मामा

•

४ मे

प्रिय मामा आणि मामी,

हे काय? मी सुट्टी मिळाली नाही म्हणून साडेपाचला धावतपळत दुकानात आले, तर तुम्ही दोनच्या बसनं परत! मालकीणबाईंना विचारलं तर त्या नुसत्या हसतात आणि डोळे पुसतात. पोस्टमन म्हणतो, “असला बुधवार मी चार वर्षांत बघितला नाही, आणि काल बुधवार नव्हताच.” याच्यापुढे एक अक्षर बोलत नाही. चावीवाल्याला काहीतरी माहीत आहे, पण तो म्हणतो घरच्यांकडूनच ऐका.

जागा मिळाली का? मला आज दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एका आजोबांना आवाज न सोडताच पंधरा मिनिटं बसवून ठेवलं. ताबडतोब लिहा.

तुमची भाची

•

१२ मे

चि. कानसेनबाई,

आठ दिवस उशीर झाला, कारण लिहायला बसलो की काय लिहावं कळत नव्हतं. आज सगळं सांगतो.

अकराला पोचलो. दुकान मला फार आवडलं. फरशी स्वच्छ, कपाटाच्या काचेवर एक बोट उमटलेलं नाही. बाईंनी उगीच मानपान केला नाही, सरळ बशी ठेवली. निळी काडी, पांढरी काडी. पोस्टमन होता, दोन शाळकरी मुली होत्या, सगळे बघायला लागले. मी नेहमीसारखं मामीला म्हटलं, “आधी तू घे.”

तिनं पांढरा घेतला. तिची हनुवटी किंचित आत गेली. मग एकदम मोठं हसू आलं आणि ती म्हणाली, “वा वा! काय आंबा आहे!” मग निळा घेतला. तो सावकाश चघळला, अगदी शेवटपर्यंत. आणि गिळून झाल्यावर तोंड वाकडं करून म्हणाली, “शी! हा भोपळा.”

अगं, पाच महिने मी त्या चेहऱ्यावर जगतोय. चव गेल्यापासून मला दुसरं काही वाचायलाच नव्हतं. ते हसू उशिरा आलं होतं. तोंडही उशिरा वाकडं झालं होतं. आणि ही बाई आयुष्यात कधी ‘वा वा’ म्हणालेली नाही. ही माझ्यासाठी खोटं बोलतेय हे मला त्याच क्षणी कळलं. त्याच्या मागोमाग त्या बारा पुड्या कळल्या, आणि त्यांच्या मागोमाग चौतीस वर्षांच्या शनिवारच्या बरण्या ओळीनं डोळ्यांपुढे आल्या. मला बसावंसं वाटलं, पण मी बसलेलोच होतो.

बाई म्हणाल्या, “बोला, कुठला?”

‘पांढरा’ म्हटलं असतं तर काम मिळालं असतं. बरोबर होतं ते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मी बशी बाजूला सरकवली आणि म्हटलं, “बाई, मला डिसेंबरपासून वास येत नाही, चव कळत नाही. बाराही उत्तरं मी हिचा चेहरा बघून दिली आणि तोही उलटा वाचला. पांढरा खरा आहे, पण हे उत्तर माझं नाही, हिचं आहे.”

मामी संतापली. “तोंड उघडायची काय गरज होती? मी केलं होतं ना सगळं नीट!”

मी विचारलं, “तुला आंबा आवडत नाही?”

त्या दुकानात हा प्रश्न विचारला मी! पोस्टमनचा चमचा हवेतच राहिला. मामीनं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा कपाटाकडे, आणि म्हणाली, “नाही आवडत. माफ करा हं.”

बाई म्हणाल्या, “ताई, मला तुमच्यासारखीच जीभ हवीय. ज्याला आवडतो त्याला पेटीतली खोट कळत नाही. तुम्ही या.” मामी म्हणाली, “इतकी वर्षं फुकट खाल्ला, आता पगार घेऊन खाऊ? नको बाई.” यावर त्या बाई इतक्या हसल्या की कपाळावरचा चष्मा केकवर पडला. मग त्यांनी मामीला काहीतरी द्यायचं म्हणून सगळं दुकान धुंडाळलं. आंबा नसलेलं फक्त पाणी निघालं. तेच दिलं.

काम गेलं. वाईट वाटलं, आणि अजून वाटतं, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पेट्यांचा वास कसा असेल ते आठवायचा प्रयत्न करतो, आठवत नाही. मामी म्हणते डॉक्टरला दाखवू, पाच महिने लपवण्यात घालवले तेवढे पुरे. तुझ्या ओळखीत कुणी असेल तर सांग. मी येईन, नाक मुठीत धरून येईन.

पण तुझ्याशी बोलायचं होतं ते हे नाही. बसमध्ये मी तिला विचारलं, “मग तुला आवडतं तरी काय?” तर ती विचार करत बसली. एक थांबा गेला, दुसरा गेला. शेवटी म्हणाली, “सांगते. जरा वेळ द्या. असं कुणी विचारलं नव्हतं.” मी खिडकीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं आणि समोरच्या सीटवर एक बाई माझ्याकडेच बघत होती.

त्याला आज नऊ दिवस झाले. मी रोज विचारत नाही, तिच्यावर ओझं नको म्हणून. तिनं भोपळा म्हटलं असतं तर मी तोही मान्य केला असता, पण ती म्हणाली, भोपळा नुसता चालतो, आवडणं वेगळं. परवा म्हणाली, “द्राक्षं.” संध्याकाळी म्हणाली, “नाही, ती माझ्या ताईला आवडायची, मी तिच्यासोबत खायची.” मी आपला

थांब जरा. आत्ता ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, माझ्या खुर्चीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, “पेरू.”

मी विचारलं, “कसा? पिकलेला?”

“छे! कच्चा. दातांनी तोडला की आवाज होणारा. आणि मीठ लावून.”

मी म्हटलं, आत्ता आणतो. तर म्हणते, “तुम्हाला एकट्याला निवडता येणार नाहीत, मीही येते.” चप्पल घालून दारात उभीसुद्धा राहिली आहे. बाजार बाराला उठतो, म्हणून पत्र इथंच संपवतो.

तुझा मामा